दोन खरी उत्तरं

वायर जळल्याचा वास आला की घाटकोपरची आमची चाळ आठवते. ऐंशीच्या दशकात तिथे पाण्याची फार टंचाई होती, दाराबाहेरच्या पिंपातून पाणी चोरीला जायचं. शेजारचे भाऊ वायरमन. एकदा चिडून त्यांनी आपल्या पत्र्याच्या पिंपाला करंट लावला. मला म्हणाले, "बसू दे गं एक झटका, परत हात लावणार नाही कोणी." दुपारी समोरच्या मावशींचा मुलगा कामावरून आला, हात धुवायला भाऊंच्या पिंपातून तांब्याभर पाणी घ्यायला गेला आणि तिथेच संपला. साक्षीला मला उभं केलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "करंटने माणूस मरतो हे आरोपीला ठाऊक होतं?" भाऊ माझ्याकडेच बघत होते. मी म्हणाले, "वायरमनला ठाऊक असतंच ना." मग भाऊंचे वकील उठले. "पण त्यांना कोणाला मारायचं होतं का?" आता मावशी बघत होत्या. मी म्हणाले, "नाही. अद्दल घडवायची होती." खुनाच्या कलमातून भाऊ सुटले, तरी सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगात गेलेच. भाऊंच्या घरच्या वहिनी माझ्याशी बोलेनाशा झाल्या, मावशीही. खोली सोडायची आमची ऐपत नव्हती. त्या दोन दारांमधून मी वर्षानुवर्षं मान खाली घालून ये-जा केली. आज कोणी विचारलं, तरी मी तेच सांगेन.