वादळातल्या काचऱ्या

रांझीच्या वस्तीत आमच्या गच्चीला लागूनच एका बाईंची गच्ची होती. उन्हाळाभर त्या मीठ लावलेल्या कारल्याच्या काचऱ्या जुन्या साडीवर पसरायच्या आणि एकेक उलटत बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही.

एका दुपारी अचानक धुळीचं वादळ उठलं. काचऱ्या गोळा करायला वेळच नव्हता. बाईंनी साडीची दुसरी बाजू त्यांच्यावर ओढली आणि हात पसरून वर पालथ्या पडल्या.

"दीदी, खाली चला न," मी जिन्याच्या दारातून हाक मारली.

"पोरगी तिकडं बर्फात ड्यूटी करून राहिली," त्या तशाच पडून म्हणाल्या. "हिवाळाभर तिले ताजी भाजी भेटत नाही. हे उडालं, तर काय पाठवू?"

धूळ त्यांच्या पाठीवर सपासप बसत होती, पण त्या हलल्या नाहीत.

वादळ ओसरल्यावर त्या उठल्या. भुवयासुद्धा मातीनं भरल्या होत्या. त्यांनी एक काचरी मोडून पाहिली. कट्‌कन आवाज आला.

"वाळली," त्या समाधानानं म्हणाल्या आणि अर्धी मधल्या कठड्यावरून माझ्या हातावर ठेवली.

पोरीच्या वाट्याची ती काचरी तोंडात टाकायची माझी हिंमतच होईना.