लेकीसाठी बाजूला बसलेली नर्मदा

नर्मदा नरपडच्या खात्यापित्या घरची सून. चिकूची वाडी, मागे भाताची खाचरं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर सासू अंबूबाई. पोरगी शहाणी झाली की शाळा बंद, हा अंबूबाईंचा कायदा. नणंदांचं तसंच झालं होतं. खुद्द नर्मदेलाही माहेरच्यांनी सातवीतून ऐन सहामाहीत उठवलं होतं, आणि ते ती मेली तरी विसरणार नव्हती.

तिची एकुलती लेक चिमी आठवीत असताना शहाणी झाली. डहाणूच्या हायस्कुलातून रडतच घरी आली. नर्मदेने तिला विहिरीमागे नेलं, तोंड पुसलं आणि बजावलं, "कुणाला बोलायचं नाही. अकरावीची, मॅट्रिकची परीक्षा होईस्तोवर तू या घरात मोठी व्हायची नाहीस."

पण धुतलेली फडकी कुंपणावर दिसली की ती कुणाची, हे घराला कळायला हवं ना. मग नर्मदाच बसू लागली. लेकीच्या दिवसांत आई मागच्या पडवीत गोणपाटावर, वेगळी ताटली घेऊन. स्वतःच्या दिवसांत पुन्हा तिथेच. तेवढे दिवस चूल चिमीकडे, देवाला फुलं वाहायचीही तिनेच. अंबूबाई विटाळाच्या बाबतीत महाकडक, आणि जिचा विटाळ तिच्याच हातची तांदळाची भाकर मिटक्या मारत खायच्या. पडवीतून ते बघताना नर्मदेला आतल्या आत हसू फुटायचं. तेवढंच काय ते सुख.

बाकी कसलं सुख आणि कसलं काय. विहिरीवरच्या बाया विचारायच्या, "नर्मदे, तुझा कावळा काय घरातच राहतो?" सासू तर मुलाच्या, हरिश्चंद्राच्या, देखत म्हणायची, "ही काय नातू देणार? नुसतं गळकं मडकं." हरिश्चंद्र खाली मान घालून कालवण ओरपायचा. चांगला माणूस होता हो, म्हणजे कधीच कुणाच्या मध्ये न पडणारा.

चिमी अकरावीत गेली आणि दिवाळीनंतर, इतक्या वर्षांनी, नर्मदेला दिवस गेले. सांगितलं असतं तर याच सासूने तिला तळहातावर झेललं असतं. पण पोटुशी बाई बाजूला कशी बसणार? आणि ती नाही बसली तर कुंपणावरची फडकी कुणाची? परीक्षा मार्चात होती. नर्मदा लुगडं आवळून नेसू लागली आणि लेकीचे दिवस आले की मुकाट गोणपाटावर जाऊन बसू लागली. एरवी चिकूच्या पाट्या डोक्यावरून वाहायची. नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी ती अशीच चिमीसाठी पडवीत होती. पोरगी पेपराला गेली आणि थोड्या वेळाने नर्मदेच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिने हाक मारली, "आत्याबाई, मला बरं नाही."

"तुला कधी बरं असतं?" अंबूबाई आतूनच म्हणाल्या. शिवायचं नव्हतं, म्हणून पाण्याचा तांब्या लांबच ठेवून गेल्या. नर्मदेचा हात तिथवर पोचेना. ती बराच वेळ हाका मारत होती. दुपारी आवाज थांबला, तेव्हा झोपली असेल म्हणून घर जेवायला बसलं.

पेपर चांगला गेला, हे सांगायला चिमी थेट पडवीत धावली. आई थंड पडली होती.

आंघोळ घालणाऱ्या बाया म्हणाल्या, चार महिन्यांचं होतं. अंबूबाई एवढंच बोलल्या, "लबाड बाई. माझा नातू नेला." तिने ते का लपवलं, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. सुतकात उरलेले पेपर बुडाले. हरिश्चंद्र लेकीला म्हणाला, ऑक्टोबरात बसशील.

मग पुढचा महिना आला. भाकरी थापता थापता चिमी उठली, हात धुतले आणि पडवीत जाऊन गोणपाटावर बसली. तिच्यासाठी बसायला आता कोण होतं?

अंबूबाई जेवताजेवता थांबल्या. पोरीकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं सून कुणाचे दिवस काढत होती आणि पोट का लपवत होती, ते सगळं त्यांना तिथल्या तिथे कळलं. कळलं नाही, असं कुणी मला सांगू नये. त्यांनी ताट सरकवलं, उठून खळखळून चूळ भरली आणि मुलाला हाक मारली.

"हरी, पोरगी शहाणी झाली. वैशाखात उजवून टाक."