गाईडीणबाईचा दोर

ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या एका खोऱ्यात नवऱ्याची पदवी बायकोला आपोआप चिकटते. डॉक्टरची बायको डॉक्टरीणबाई, तशी पर्वतगाईड सेवेरिनची नॉटबुर्गा सगळ्यांची गाईडीणबाई. तो वारला तरी हाक राहिली, आणि ती ऐकून नॉटबुर्गाला बरंही वाटायचं.

तीही गाईडच होती, पण पायवाटांवरची. गाईडांच्या संघटनेची परीक्षा देऊन तिने भटकंती-गाईडचा बिल्ला मिळवला होता. जंगल, कुरणं, गवळ्यांच्या झोपड्या, इथवर तिचा हक्क. जिथे दोर लागतो तिथून पुढे पर्वतगाईडचं राज्य.

यंदा गावातल्या वेंडेलिनच्या हॉटेलने वेबसाइटवर गाईडांची ओळख टाकली. काउंटरवरच्या पोरीने लहानपणापासून कानावर पडलेलं तेच लिहिलं: ‘नॉटबुर्गा, पर्वतगाईड, संघटनेची सभासद.’ नॉटबुर्गाला कळेपर्यंत पाहुण्यांनी तिच्या नावावर हिमनदीची सहल ठरवूनही टाकली होती.

ती तडक हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरली.

“तो शब्द काढ.”

वेंडेलिन सूप ढवळत होता. “अगं, सभासद आहेस ना तू? मग त्यात खोटं काय?”

“चर्चच्या गाण्यात सूर लावते म्हणून मी पाद्री झाले का रे?”

“सेवेरिनबरोबर कितीदा गेलीस वर! हिमनदी पाठ आहे तुला.”

“गेले. त्याच्या दोराच्या मागच्या टोकाला. बर्फात भेग उघडून कुणी आत पडलं तर मला त्याला वर ओढता येत नाही.”

“मग इथलं काम विसर. उन्हाळा तोंडावर आलाय, गाईडीणबाई, विचार कर!”

तिची उन्हाळ्याची निम्मी कमाई ह्याच हॉटेलवरून यायची. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. ती सरळ जेवणाच्या दालनात गेली आणि म्हणाली, “मी नॉटबुर्गा. भटकंती-गाईड. हिमनदीवर न्यायला दुसरं माणूस बघा. मी रानफुलं दाखवते आणि सगळ्यांना धड परत आणते.”

वेबसाइटवरून शब्द गेला, पाठोपाठ तिचं नावही गेलं. तिने स्वतःच्या फाटकावर पाटी ठोकली: भटकंती-गाईड, संघटनेची सभासद, दोर लागेल तिथे येत नाही. गावात कुजबुज झाली, नवऱ्याचा मान टाकला हिने.

बेकरीवाला नेहमीसारखा म्हणाला, “काय गाईडीणबाई?”

तिने पाव पिशवीत टाकला. “ती पदवी सेवेरिनने कमावली, ती त्याचीच. मला नॉटबुर्गा म्हण.”