अडतीस मिलिमीटरचा कठडा

मी इंजिनिअर झालो तो भालेराव सरांमुळे. त्या शुक्रवारी दुपारी माझ्या मॅनेजरच्या नव्याकोऱ्या मशीनसमोर उभा होतो आणि तोंड उघडावं की गप्प बसावं हे कळत नव्हतं, तेव्हाही सरच आठवले.

सर निलंग्याच्या शाळेत आम्हाला टेक्निकल विषय शिकवायचे. वर्कशॉपमध्ये शिरताना दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, हा त्यांचा नियम. "आधी काम बघ. त्याचं माप घे. मग हत्याराला हात लाव." आमच्या घरात शाळेच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. दहावीनंतर सर स्वतः घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "याला डिप्लोमाला घाला, बाकीचं मी बघतो." त्यांनी बघितलंही, अगदी डिग्रीपर्यंत.

आता मी कतारमध्ये मेसईदच्या एका खत कारखान्यात पायपिंगचं मेंटेनन्स बघतो. अबू फैसल आमचे मॅनेजर. कतारी माणूस, पण स्वतःच्या हाताने काम करायची भारी हौस. अल गराफातल्या त्यांच्या व्हिलामागे शेड आहे. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, सगळं तिथे मांडलेलं.

त्यांच्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. म्हातारबाबांनी व्हीलचेअर साफ नाकारली. घरापासून मजलिसपर्यंत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीपर्यंत, मी माझा चालत जाईन, कोणी दंड धरायचा नाही, असं त्यांनी हॉस्पिटलातूनच बजावलं होतं. मधे एक उतार आहे आणि तो काटकोनात वळतो. तिथे सलग कठडा हवा होता. वळणावर जोड आला की तळहात अडखळतो. कठड्याचं टोक भिंतीकडे वळवावं लागतं, नाहीतर लांब अंगरख्याची बाही त्यात अडकते आणि माणूस पडतो. म्हणजे स्टीलची नळी वाकवणं आलं. त्यासाठी अबू फैसल यांनी हायड्रॉलिक पाईप बेंडर विकत घेतला होता. मला बोलावलं होतं ते कौतुकाला.

"इंजिनिअर संतोष, यल्ला, चल, बघ आता!"

त्यांनी पंप मारला. मधला दांडा नळीला ढकलत पुढे आला. नळी थोडी वाकली आणि आतल्या बाजूने मुडपली. चरकातून निघालेल्या उसासारखी चपटी.

"मटेरियल खराब," अबू फैसल म्हणाले. "संडेला सप्लायरला कम्प्लेंट करतो." आणि ते नमाजाला गेले.

मी हात पाठीमागे बांधले. मशीनभोवती एक फेरी मारली. मग नळी मोजली. मटेरियल उत्तम होतं.

बाहेर येऊन बायकोला फोन लावला. अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती पोळ्या करत होती.

"अहो, ते खराब म्हणालेत ना? मग असू दे खराब. तुमच्या कॉन्ट्रॅक्टवर सही त्यांची असते."

"त्यांचे वडील त्याला धरून चालणार आहेत गं."

"मग सांगा. पण इंग्लिशमध्ये सांगा. तुमचं हिंदी ऐकलं की माणसाला भांडण काढल्यासारखं वाटतं."

इथे थोडं समजावून सांगतो. आपण सगळ्यालाच पाईप म्हणतो, पण धंद्यात पाईप वेगळा आणि ट्यूब वेगळी. पाईप आतून काहीतरी वाहून नेण्यासाठी असतो. त्याचं माप फक्त नावाचं. सव्वा इंची पाईप बाहेरून मोजला तर बेचाळीस मिलिमीटर भरतो. ट्यूब बांधकामासाठी असते, तिचं माप बाहेरून खरंखुरं. कठड्याची नळी ही ट्यूब होती, अडतीस मिलिमीटरची, पातळ पत्र्याची. बेंडरचे साचे, म्हणजे नळी ज्या खाचेत बसते ते, होते पाईपचे. पाईपमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाने सवयीने जवळचा, बेचाळीसचा साचा लावला होता. जाड पाईप तेवढी ढिलाई सोसतो. पातळ ट्यूबला आधार सुटला की ती बसते.

अबू फैसल परतले. मी ट्यूब साच्यात ठेवली आणि बाजूच्या फटीत माझा कारखान्याचा प्लास्टिकचा गेट पास सरकवला. सहज गेला.

"बॉस, मटेरियल ठीक आहे. मशीनही चांगलं आहे. या कामाचं नाही."

त्यांनी पाकिटातून स्वतःचा गेट पास काढला आणि माझ्या पासाला लागून आत घातला. तोही गेला.

"तीस वर्षं प्लांट," ते म्हणाले, "आणि आता घरीही प्लांटच घेऊन आलो!" असे हसले की आतून मुलं बघायला आली. "खलास. आता तू निवड."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे इंडस्ट्रियल एरियात गेलो. दुकानदार इलेक्ट्रिक बेंडरच दाखवत होता. "सर, बटन दबाओ, काम हो गया."

"यांना चार वळणं घ्यायचीत, कारखाना नाही काढायचा," मी म्हणालो. अबू फैसलनी मान डोलावली.

आम्ही घेतला हाताने चालवायचा रोटरी ड्रॉ बेंडर. हा ट्यूबला मधोमध ढकलत नाही, गोल साच्याभोवती ओढून घेतो आणि बाहेरून एक ठोकळा तिला धरून ठेवतो. साचा नेमका अडतीसचा. वळणाची त्रिज्या ट्यूबच्या व्यासाच्या तिप्पट. त्याहून आखूड घेतली तर पातळ ट्यूबला सुरकुत्या पडतात.

शेडच्या काँक्रीटमध्ये बोल्ट ठोकून मशीन बसवलं. स्टील थोडं परत उलगडतं, म्हणून काटकोनापेक्षा किंचित जास्त ओढायचं. लांब दांडा अबू फैसलनीच ओढला, मी कोन बघत होतो. वळण गुळगुळीत आलं. त्यांनी ते तीनदा हाताळलं. उतारावर सावलीसाठी छप्परही टाकलं, नाहीतर इथल्या उन्हात स्टीलला हात कोण लावणार?

म्हातारबाबा हॉस्पिटलातून घरी आले त्या संध्याकाळी मलाही बोलावणं होतं. मजलिसमध्ये त्यांचे मित्र येऊन बसले होते. बाबांनी कठडा धरला. अबू फैसल दोन्ही हात पसरून पुढे उलटे चालत होते, "हळू बाबा, हळू." वळणाशी बाबा थांबले. तळहात वळणावरून एकदा मागे, एकदा पुढे नेला. मग मुलाला म्हणाले, "यल्ला, वाटेतून बाजूला हो."

बेंडर घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आधी ट्यूब घ्या, ती बाहेरून मोजा, मग साचा बघा आणि मशीन सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात आणि मटेरियलला दोष देतात.

त्याच आठवड्यात मी सरांना पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. सोबतच्या कागदांवर लिहिलेली कठड्याची सगळी हकीकत तुम्हाला फोनवर सांगितली असती, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून लगेच ठेवता. सर, मशीनपुढे मी हात मागे बांधून उभा राहिलो, म्हणून फट दिसली.

मागच्या सुट्टीत तुम्ही मला सोडायला दारापर्यंत आलात, तेव्हा पायऱ्या उतरताना भिंत धरत होतात. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. डिसेंबरात येतोय. तुमच्या पायऱ्यांना कठडा करायचा आहे, नाही म्हणू नका. माप कळवा असं लिहिणार होतो, पण ते कळवू नका. माप मी स्वतः येऊन घेईन.

तुमचा विद्यार्थी,
संतोष