पातेल्यातलं जोडवं

ती केस आठवली, की अजून माझी नजर आधी समोरच्या बाईच्या पायाकडं जाते.

राधानगरीकडच्या एका गावातून पोलीस ठाण्यात फोन आला. शेजारीण बोलत होती. "फौजदारबाई, लौकर या. शेजारच्या सुनंनं कालवणात कायतरी टाकलंय. म्या डोळ्यानं बघितलं की!"

नवरा आणि सासू दुपारी अळंबीचं कालवण जेवले आणि तासाभरात दोघांना उलट्या सुरू झाल्या. सून वैरणीला गेलेली, जेवलीच नव्हती. बायकांनी मागनं जेवायचं ही घरोघरची रीत, पण संशय घेताना गाव एवढा विचार करतंय होय?

दोघं सरकारी दवाखान्यात. पोरीला ठाण्यात आणलं. चांदीकामाच्या हुपरीची लेक, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डायरीला नोंद केली, चहा पाजला, मग विचारलं, "अळंबी कुणी आणली?"

"आत्यांनी, म्हंजे सासूनं. गोठ्यामागं उगवलीती."

"आणि कालवणात काय टाकलंस?"

पोरगी नुसती पाय साडीत ओढून घ्यायची. खिसे लपवणारे चोर मी ढीगभर बघितले, पाय लपवणारी ही पहिलीच.

"पोरी, पाय दाव बघू."

उजव्या पायात जोडवं होतं. डाव्या पायाचं बोट मोकळं.

तशी ती रडायलाच लागली. "आमच्याकडं म्हणत्यात, इख असलं की चांदी काळी पडती. त्या छत्र्या खालनं हिरवट दिसल्या, मला भ्याव वाटलं. म्हणून जोडवं टाकलं. पळीनं वर काढून बघितलं, पांढरं लख्ख. तेवढ्यात आत्या आल्या, भिऊन परत आत सोडलं."

"मग हे बोलली का न्हाईस?"

"धनी दवाखान्यात, आन म्या जोडवं काढलंतं म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

पंचनाम्यात पातेल्याच्या तळाशी जोडवं सापडलं. डॉक्टर म्हणाले, दोष त्या छत्र्यांचाच, आणि असलं विष चांदीला कळत नाही. दोघं वाचले. गुन्ह्याचा प्रश्नच मिटला. जोडवं आणि पोरीला घेऊन मी स्वतः दवाखान्यात गेले आणि सासूला सगळं सांगितलं.

"आगं खुळे," सासू सुनेवर कडाडली, "भ्याव वाटलं तर तोंडानं सांगायचं, का दागिनं शिजवायचं? आन पाय हिकडं!" सलाईन लावलेल्या हातानंच तिनं जोडवं चढवलं.

गप्प बसणारा गुन्हेगारच असतो, हे माझ्या डोक्यातलं खूळ त्या पोरीनं काढलं. घरात बोलायची सोय नसली, की माणूस चांदीला विचारतं.

पुढच्या पावसाळ्यात सासूचा फोन आला. "फौजदारबाई, गोठ्यामागं परत उगवल्यात बगा. सून म्हणली टाकून द्या, म्या दिल्या टाकून."