एकशे एक्केचाळीस नकार

मार्तंड पिंगळे रोज सकाळी चहाआधी संगणक उघडत आणि रात्रीतून कुणी काही पाठवलं असेल, तर ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचत. पडद्यावर बोटांचे डाग पडत. मुलगी आभा ते चिडून पुसून काढी.

झाशीतल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते. प्राध्यापकांच्या लेखी वायरी जोडणारा माणूस. पण छोट्या ग्रंथालयांसाठी त्यांनी लिहिलेला प्रोग्राम गुरसराय, टहरौलीसारख्या आसपासच्या गावांपर्यंत चालायचा. तो ओपन सोर्स होता. कुणीही वाचावा, कुणीही सुधारणा पाठवावी. ती घ्यायची की नाही, हे मात्र मार्तंडराव ठरवत.

त्या वर्षी टेक फेस्टमध्ये विभागप्रमुखांनी परस्पर जाहीर केलं : पिंगळ्यांच्या प्रोग्रामात ज्याची एक तरी सुधारणा महिनाअखेरपर्यंत स्वीकारली जाईल, त्याला दहा गुण. दुपारपर्यंत एकशे एक्केचाळीस आल्या. कुणी एक रिकामी ओळ काढली होती, कुणी तीच परत घातली होती. बहुतेकांनी माहितीच्या पानावर नुसतं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

मार्तंडरावांनी सगळ्या वाचल्या. प्रत्येकीखाली तेच वाक्य लिहिलं : यात काही सुधारलेलं नाही.

वर्गाचं प्रॅक्टिकल चालू असताना विभागप्रमुख लॅबमध्ये आले. "पिंगळे जी, आप लैब असिस्टेंट हैं, सुप्रीम कोर्ट नहीं. बच्चों के नंबर का सवाल है."

"बच्चे कुछ ठीक करके लाएँ, सर. मैं यहीं बैठा हूँ."

"अपनी बेटी का तो कर ही लिया होगा," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

आभा त्याच वर्गात, तिसऱ्या रांगेत होती. तिनेही नावच लिहिलं होतं. एकशे सतरावा नकार तिचा.

"वर्गात मी तोंड कसं दाखवू, बाबा?" घरी तिने विचारलं.

"नाव लिहिलंस. काम कुठंय?"

"तुमचा प्रोग्राम म्हणजे काय देवघर? कुणी हात लावला की विटाळ?"

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. आठवड्यात मार्तंडरावांकडून लॅबची किल्ली काढून घेतली गेली. त्यांचं टेबल जनरेटरशेजारच्या स्टोअररूममध्ये गेलं. मुलांनी दारावर कागद चिकटवला : रिजेक्टेड. आभा त्यासमोरून रोज जायची. तिने तो काढला नाही.

ती प्रोग्राम वाचत होती, फक्त चूक सापडावी म्हणून. महिन्याच्या शेवटच्या तारखेला पहाटे सापडली. एका पुस्तकाच्या दोन प्रती बाहेर असल्या आणि एक परत आली, की प्रोग्राम दोन्ही आल्या म्हणायचा. तिने दुरुस्ती पाठवली आणि खाली लिहिलं : लेखकाला हे सुचलं नाही.

मार्तंडरावांनी ती दोनदा वाचली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

"मग घ्या. आज शेवटचा दिवस आहे."

त्याच दिवशी अकराच्या सुमारास स्टोअररूममध्ये ते खुर्चीवरून कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. आभाशी ते शेवटचं बोलले ते सकाळी, दारात चपला घालताना :

"ही दुरुस्ती चालते हे दाखवणारी चाचणी जोडली नाहीस. जोड, संध्याकाळी आलो की घेतो. डबा दे."