दुखवट्याची साडी

मालकाने साडी माझ्या मांडीवर टाकली. उभ्यानेच. पायात बूट. आम्ही सगळे सतरंजीवर बसलो होतो, माझ्या नवऱ्याचा जलदान विधी नुकताच उरकला होता, मेणबत्त्या अजून जळत होत्या. दुखवटा हातात देतात. खाली बसून देतात, दोन शब्द बोलतात. ह्याने जनावराला वैरण टाकावी तशी टाकली आणि म्हणाला, "घे. चांगल्यातली हाय. तुमच्यात कोण आणणार एवढी?"

मग सासऱ्यांपुढे टॉवेल धरला. त्यांनी तो डोक्याला गुंडाळला. आलेला दुखवटा परत लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तो शेजारी हात जोडून उभा राहिला आणि त्याच्या ड्रायव्हरने मोबाईलवर फोटो काढला. चहा पुढे केला तर मालक म्हणाला, "नगं, पित्त हाय." विंझरच्या हॉटेलात कपावर कप रिचवताना ह्याचं पित्त कुठे जातं?

मार्गासनीच्या पुढे ह्याचं फार्महाऊस आहे. सुट्टीला पुण्याचे पाहुणे येतात, त्यांच्यासाठी पोहायचं टाकं बांधलंय. त्या टाक्याची मोटर माझा नवरा बघायचा. मी तिथेच भाकऱ्या थापायची. मोटरची वायर सोलवटून आतलं तांबं उघडं पडलं होतं. नवऱ्याने माझ्यासमोर सांगितलं, "मालक, वायरमन बोलवा. हात लावायचं भ्या वाटतंय."

मालक म्हणाला, "आजच्या दिस चालव. पाव्हणं निघाल्यात."

पाहुणे आले तेव्हा माझा नवरा मोटरीपाशी पालथा पडला होता. मुठी आवळलेल्या. मालकाने पाहुण्यांना पलीकडच्या दाराने आत नेलं आणि जेवायला बसवलं. माझ्याच भाकऱ्या वाढल्या.

जलदानानंतर मी तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने स्वतःचा मोबाईल माझ्यापुढे धरला. गावाच्या ग्रुपवर फोटो फिरत होता. डोक्याला टॉवेल बांधलेले सासरे, शेजारी हात जोडलेला मालक. खाली लिहिलेलं, प्रकरण सामोपचाराने मिटलं.

"दुखवटा घेतलासा न्हवं? मग मिटलं की," हवालदार म्हणाला. "आन् गडी पिऊन हुता म्हनं."

"कोन म्हनतं?"

"मालक. आन् तुमच्यात पित्यातच की."

माझा नवरा पंचशील पाळणारा माणूस. दारूला कधी शिवला नाही. आधी त्याला मारलं, आता मेल्यावर बेवडा ठरवत होते. इतके दिवस मी नुसती रडत होते. त्या दिवशी रडू आलं नाही. अंगाची आग आग झाली.

घरी येऊन सासऱ्यांना म्हटलं, "मामा, त्यो टॉवेल काढा."

"पोरी, रीत हाय."

"रीत मान्साची. त्यानं आपलं मानूस मारलंय."

सासऱ्यांनी टॉवेल उतरवला, साडीत घालून गाठोडं बांधलं आणि वहाणा शोधू लागले. "चल. म्याबी येतो."

रविवार होता. फार्महाऊस भरलेलं. आम्ही कायम मागच्या फाटकाने जायचो, त्या दिवशी पुढच्याने गेलो. पाहुणे जेवत होते. मालक वाढायला उभा होता. सासऱ्यांनी गाठोडं त्याच्यापुढच्या टेबलावर ठेवलं.

मी म्हणाले, "ह्यो तुमचा दुखवटा. आमी घेतला न्हाई. आता काढा फोटो."

मग पाहुण्यांना सांगितलं. कोण मेलं, कशाने मेलं, वायर उघडी आहे हे कुणाला माहीत होतं. एका बाईने हातातला घास खाली ठेवला. मालकाचा चेहरा उतरला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

भोरच्या वकीलबाईंनी भरपाईचा दावा लावलाय. तक्रारही नोंदवून घ्यायला लावली. मालकाची माणसं उंबरा झिजवतात. म्हणतात, मागे घे, पोरांचं बघ, मेलेला माणूस काय परत येणार आहे? नाही येणार. मला ठाऊक आहे. म्हणूनच मला घाई नाही.

कोर्टाच्या तारखेला मी दारासमोरच बसते. तो आत येताना सरळ त्याच्या डोळ्यांत बघते. तो मान वळवतो. वळवू दे. किती दिवस वळवेल? "वायर उघडी होती आणि मला माहीत होतं," हे त्याच्याच तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेणार आहे. आणि ते बोलल्यावरही मी त्याला माफ करणार नाही.